बघ्याची भूमिका

रस्त्यात कुठे जेसीबी खणायला लागला की भोवती पाच-सात माणसं हाताची घडी घालून उभी राहतात. त्यांतली बरीचशी कामावर जाता जाता थांबलेली असतात आणि थोड्या वेळाने ओशाळून पांगतात. एक जण मात्र पांगत नाही. त्याचं तिथे काहीच काम नसतं, त्यामुळे ते संपायचाही प्रश्न नसतो. जेसीबीचा दात पाण्याच्या पाइपाला लागायच्या आधी तो “हां हां हां” एवढंच म्हणतो आणि कारंजं उडाल्यावर शेजारच्याकडे वळून “लागला” म्हणतो. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत या जातीचे जे गृहस्थ आहेत, त्यांना लहानथोर सगळे नाना म्हणतात.

नाना टाकी धुणाऱ्यांना बघतात. लिफ्टच्या मेकॅनिकला बघतात. तळमजल्यावर कोणी गाडी मागे घेत असेल तर हात हलवून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणणारी माणसं वेगळी. नाना खांब आणि बंपर या दोघांवर सारखीच नजर ठेवून शांत उभे असतात. मदत करायला गेलं की बघण्यात खंड पडतो, असं त्यांचं मत. कोणाकडे नवा फ्रीज आला, की तो जिन्याने वर चढेपर्यंत नाना प्रत्येक मजल्यावर हजर. या सवयीचा कोणाला त्रास नव्हता. उलट रंगारी म्हणायचे, नाना बघत असले की ब्रश जपून चालतो.

मग ज्येष्ठ नागरिक संघात एक व्याख्यान झालं. वक्ते अणूपासून निघाले ते तासाभरात आत्म्यापर्यंत पोहोचले, वाटेत उपनिषदं लागली, आणि चहाच्या आधी त्यांनी एक वाक्य टाकलं: निरीक्षक बघत नाही तोवर कण कुठे आहे हे ठरतच नाही. बाकीच्या ज्येष्ठांनी चहा घेतला. नाना चहा न घेता उठले आणि थेट माझ्या दारात आले. मी बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणून नाना मला मास्तर म्हणतात.

“मास्तर, इलेक्ट्रॉन बघितल्याशिवाय ठरत नाही म्हणतात. खरं?”

“एका अर्थाने…”

“बस्स,” नाना म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांना अर्थ नको होता, दाखला हवा होता.

त्या दिवसापासून नानांच्या उभं राहण्यात फरक पडला. पूर्वी ते हाताची घडी घालत. आता हात पाठीमागे बांधतात. खड्डा बघणारा नागरिक वेगळा आणि खड्डा अस्तित्वात ठेवणारा नागरिक वेगळा.

नानांची नोकरी इथे सांगितली पाहिजे. नाना वीज मंडळात मीटर रीडर होते. खांद्याला कापडी पिशवी, हातात टॉर्च, आणि जिन्याखालच्या जळमटांत डोकं घालून काचेमागचा आकडा टिपायचा. मीटर घरात आणि घराला कुलूप, असं झालं तर वहीत तसा शेरा मारायचा. गिऱ्हाइकाला सरासरी बिल जायचं. पुढच्या खेपेला आकडा मिळाला की फरक जुळवून घ्यायचा. तेव्हा नानांना वाटायचं की आपण नुसतं वाचतो. आता त्यांना वाटतं की आपण ठरवत होतो.

“कुलूपबंद घरात किती युनिट जळाले हे मी वाचेपर्यंत ठरलेलंच नसायचं, मास्तर. म्हणून तर सरासरी! तुमचं सुपरपोझिशन म्हणजे दुसरं काय?”

“नाना, तुम्ही नसतानाही मीटरची चकती फिरत होती.”

“कोणी बघितली?”

हा प्रश्न नानांनी मला एवढ्या वेळा विचारला आहे की आता त्याचं उत्तर देणं भाग आहे. नानांच्या मीटरमध्ये सगळा वाद आहे, फक्त नानांनी तो उलटा धरलेला आहे. कुलूपबंद घरातल्या मीटरवर एक आकडा असतोच. आपल्याला तो माहीत नसतो एवढंच. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत इतक्या सरळ हिशेबाने भागत नाही. जॉन बेल यांनी १९६४ साली एक गणिती कसोटी काढली. तिच्यावर प्रयोग करणाऱ्या आस्पे, क्लॉसर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. त्या प्रयोगांतून दिसलं ते असं, की आकडे आधीपासून ठरलेले असतात आणि इथल्या मोजमापाचा तिथल्या कणावर तत्क्षणी काही परिणाम होत नाही, ही दोन्ही विधानं एकदम खरी धरता येत नाहीत. तेव्हा इलेक्ट्रॉन म्हणजे न वाचलेला मीटर नव्हे, इथपर्यंत नाना जिंकले. पण इलेक्ट्रॉनचं जे काही ठरतं ते मीटरपाशी ठरतं, मीटर रीडरपाशी नाही. नेमकं हेच नानांना ऐकायचं नसतं.

दोन फटींचा प्रयोग त्यांनी पाठ केला आहे. एकेक इलेक्ट्रॉन सोडला की समोरच्या पडद्यावर एकेक ठिपका उमटतो. ठिपके साठत गेले की त्यांतून पट्टे दिसू लागतात, आणि दोन्ही वाटांचा हातभार असल्याशिवाय ते पट्टे येऊच शकत नाहीत. हिताचीच्या प्रयोगशाळेतल्या अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली, फटींच्या जागी विद्युतभारित बारीक तार वापरून, हे ठिपके एकेक करत साठताना दाखवले. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे टिपायची सोय केली की पट्टे जातात. नाना हे सांगतात तेव्हा इथे एक माणूस शिरतो. “माणसाने बघितलं, की इलेक्ट्रॉन वळणावर येतो,” असं ते म्हणतात. आता इलेक्ट्रॉन बघायला हात पाठीमागे बांधून उभं राहणं पुरत नाही. त्याच्यावर काहीतरी आदळावं लागतं, किंवा त्याने कुठेतरी खूण सोडावी लागते. खूण राहिली की पट्टे गेले. ती खूण पुढे कोणी वाचली की नाही, याची पट्ट्यांना फिकीर नसते.

याचा मला आवडणारा पुरावा व्हिएन्नाचा आहे. तिथे झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने १९९९ साली कार्बनच्या साठ अणूंच्या पोकळ गोल रेणूचेही पट्टे पाडून दाखवले होते. २००४ साली त्यांनी सत्तर अणूंचे रेणू घेतले आणि वाटेवर लेसरने तापवले. तापलेली वस्तू प्रकाश फेकते. रेणूही फेकू लागले. जसजसे ते जास्त तापले तसतसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी पुसले गेले, कारण रेणूने जाता जाता टाकलेल्या प्रकाशकणांत ‘मी इथून गेलो’ ही बातमी होती. ती बातमी कोणी ऐकली? कोणीही नाही. ते प्रकाशकण कोणी गोळा करत नव्हतं. ते यंत्राच्या भिंतींवर जाऊन आपटले.

“म्हणजे भिंतीने बघितलं?” नानांनी विचारलं.

“तसं म्हणा हवं तर.”

नाना बराच वेळ आमच्या हॉलच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या बघण्यात मत्सर होता.

मात्र नाना अगदीच हवेत बोलतात असं नाही. त्यांच्या पाठीशी मोठी नावं आहेत, आणि ती त्यांनी रीडिंगच्या एका जुन्या वहीत लिहून ठेवली आहेत. पहिलं नाव जॉन फॉन नॉयमन. १९३२ च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की कण, कण मोजणारं यंत्र, यंत्र बघणारा डोळा, डोळ्यामागचा मेंदू अशी साखळी धरली, तर ‘इथे ठरलं’ ही रेघ तीत कुठेही ओढा, गणिताचं उत्तर तेच येतं. लंडन आणि बावर या जोडीने १९३९ साली पॅरिसमध्ये काढलेल्या पुस्तिकेत ही रेघ जाणिवेच्या बाजूला सरकवली. आणि १९६१ साली युजीन विग्नर यांनी उघडच लिहिलं, की चेतनेला वगळून हा सिद्धांत नीट मांडता येत नाही. विग्नर १९६३ चे नोबेलविजेते. नोबेल दुसऱ्या कामासाठी होतं, असं मी म्हटलं तेव्हा नाना म्हणाले, “बढती कशासाठी मिळाली हे कोणी विचारत नाही, मास्तर. हुद्दा बघतात.”

विग्नर यांच्या त्या लेखात एक मित्र आहे. मित्र प्रयोग बघतो आणि विग्नर बाहेर थांबतात. मित्राला उत्तर दिसलेलं असतं. पण विग्नर विचारेपर्यंत बाहेरच्या गणिताप्रमाणे मित्रासकट सगळंच अधांतरी. या मित्राच्या जागी नानांनी आमच्या वॉचमनची नेमणूक केली.

“टँकर आला का रे?”

“आला की नाना. सकाळीच.”

“तू बघितलास, ते अजून पक्कं नाही. मी बघितलं की पक्कं होईल.”

“नाना, टँकरवाला पैसे घेऊन गेलापण.”

गंमत अशी की विग्नर यांचा कौल वॉचमनला मिळाला असता. आपल्यासारखाच विचार करणारा एक माणूस आपण विचारेपर्यंत अधांतरी लटकत राहतो, ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली. म्हणूनच त्यांनी म्हटलं, की मित्राच्या मनापाशीच निकाल लागलेला असणार. पुढे तेही राहिलं नाही. १९७० साली डीटर त्से यांनी दाखवलं की मोठी वस्तू कधी एकटी नसतेच. हवा आणि उजेड सतत तिच्या खुणा घेऊन जात असतात. या विचाराची दखल घेतल्यावर विग्नर यांनी उतारवयात चेतनेचा आग्रह सोडून दिला. मी हे नानांना सांगितलं.

“निवृत्तीनंतरचं मत धरत नाहीत,” नाना म्हणाले. “नोकरीत असताना सही केलेली असेल, तेवढंच रेकॉर्डला लागतं.”

नाना स्वतः निवृत्त आहेत, हे मी बोललो नाही.

मांजराचा विषय तर निघणारच होता. १९३५ साली श्रोडिंगर यांनी कागदावर एक मांजर पेटीत कोंडलं ते, हा विचार ओढत नेला तर कुठल्या टोकाला जातो, हे दाखवायला. उपनिषदांचं त्यांना मोठं प्रेम, वेदान्तावर त्यांनी लिहिलंही. तरीसुद्धा अर्धं जिवंत आणि अर्धं मेलेलं मांजर त्यांना मान्य नव्हतं. व्याख्यात्यांनी त्यांतला वेदान्त तेवढा घेतला होता. नानांनी हे मांजर घरी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, समजावून सांगितलं. काकू मेथी निवडत होत्या.

“पेटीत मांजर आहे ना?” काकू म्हणाल्या. “मग ते बघतंय की.”

“अगं, मांजराला चेतना कुठे…”

“ओट्यावर दूध उघडं ठेवा, म्हणजे कळेल केवढी आहे ती.”

हा काकूंचा प्रश्न बेल यांनी १९९० च्या एका लेखात बराच खवचटपणे विचारला होता. बघणाऱ्याशिवाय विश्वाचं काही ठरत नसेल, तर मग विश्व इतका काळ कोणासाठी खोळंबलं होतं? पहिला एकपेशीय जीव आल्यावर भागलं, की पीएच.डी. झालेला कोणीतरी लागला? नानांना हा टोमणा वाटलाच नाही. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “पीएच.डी. जास्त होते. खात्याची परीक्षा पुरे.” ती ते पहिल्या खेपेला पास झाले होते.

पण नानांची खरी तपश्चर्या क्रिकेटवर झालेली आहे, आणि ती क्वांटमच्या कितीतरी आधीची. ‘मी बघितलं की सचिन आउट होतो’ असं मानणारी माणसं महाराष्ट्रात गल्लोगल्ली होती. सचिन ऐंशीच्या पुढे गेला की ही माणसं चप्पल घालून घराबाहेर पडायची आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर पाठ करून उभी राहायची. नाना त्यांचे अध्वर्यू. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत होती. श्रीलंकेच्या २७४ धावा झालेल्या. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला तेव्हा नाना खोलीत होते; ते आपणहून बाहेर गेले. थोड्या वेळाने सचिनचा जम बसतोय असं वाटून मुलांनी हाका मारल्या. नाना नको नको म्हणत आत आले, खुर्चीत टेकले, आणि मलिंगाच्या चेंडूवर संगकाराने झेल घेतला. अठरा धावा. खोलीत कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना उठले ते गॅलरीत गेले आणि गज धरून समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे तोंड करून उभे राहिले. गंभीरच्या ९७ धावा झाल्या, धोनीने कुलसेकराला मारलेला शेवटचा षटकार झाला, खाली फटाके वाजले, तेव्हा कुठे ते वळले. तो षटकार त्यांनी अख्ख्या देशाच्या नंतर बघितला. दुसऱ्या दिवशी पेपरात विश्वचषक धोनीने जिंकून दिल्याचं छापून आलं. नाना यावर वाद घालत नाहीत. नुसते हसतात.

क्वांटम समजल्यावर त्यांना या प्रकरणाची उपपत्ती मिळाली. मी म्हटलं, “नाना, वानखेडेवर हजारो माणसं बघत होती. त्यांच्या बघण्याने काही झालं नाही, तुमच्याने झालं?”

“त्यांचं त्यांच्यापाशी.”

“आणि मैदानावरचं चित्र आपल्या टीव्हीवर यायला काही सेकंद जातात. तुम्ही खुर्चीत टेकलात तेव्हा झेल घेऊन झालेला होता.”

मला वाटलं इथे विषय मिटेल. नानांनी वही उघडली. “व्हीलर!” ते जवळजवळ ओरडलेच. “डिलेड चॉइस! मागाहून बघितलं तरी आधीचं ठरतं!”

जॉन व्हीलर यांचा विचार खरोखरच चक्रावणारा आहे. प्रकाशकण यंत्रात शिरून पुढे निघून आल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी ठरवायचं, की पट्टे बघायचे की त्याची वाट शोधायची. तरीही मिळणारं उत्तर त्या उशिराच्या निवडीशी चोख जुळतं. २००७ साली फ्रान्समध्ये ४८ मीटरच्या मांडणीवर एकेक प्रकाशकण सोडून हे करून बघितलं गेलं. यावरून नाना काढतात, की आज बघून कालचं बदलता येतं. व्हीलर म्हणत होते ते याहून कोरडं आहे: टिपलं जाईपर्यंत त्या कणाच्या कालबद्दल काही बोलूच नका. आणि त्या फ्रेंच प्रयोगात शेवटच्या क्षणी निवड केली ती कोणा माणसाने नव्हे, यादृच्छिक आकडे काढणाऱ्या एका यंत्राने. व्हीलर स्वतः विश्वाला ‘सहभागी’ म्हणायचे, त्यामुळे अतींद्रिय शक्तीवाली मंडळी त्यांना आपला माणूस समजू लागली. १९७९ च्या जानेवारीत ह्यूस्टनला, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या विज्ञान संघटनेच्या अधिवेशनात, त्यांना याच मंडळींच्या पंक्तीला बसवलं गेलं. तेव्हा हे एरवीचे अतिशय सौम्य गृहस्थ इतके भडकले, की या लोकांना संघटनेतून घालवा, अशी मागणी करून मोकळे झाले. हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. वहीतलं चांगलं पान जाईल.

नानांच्या दुधावरच्या प्रयोगाचं थोडक्यात सांगतो. वैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९७७ साली गणिताने दाखवलं, की अस्थिर कणाकडे सतत बघत राहिलं तर तो फुटतच नाही. त्यांतले सुदर्शन तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, त्यामुळे नानांच्या हिशेबी ते जवळपास डोंबिवलीचेच. १९९० साली अमेरिकेत बोल्डर इथे बेरिलियमच्या आयनांवर हे प्रत्यक्ष करून बघितलं. सुमारे पाव सेकंदात ६४ वेळा लेसरचा झोत टाकला, तर एरवी हमखास अवस्था बदलणारे आयन बदलेनात. नानांनी हे वाचलं त्याच दिवशी काकू “दुधाकडे बघा” म्हणून भाजीला गेल्या. नाना पातेल्यासमोर उभे राहिले. पापणी लवू न देता बघत राहिले. दूध वर आलं, काठाशी आलं, ओट्यावर आलं. गॅसचं बटण हाताशी होतं, पण निरीक्षकाने हस्तक्षेप करायचा नसतो.

“बघत होतात ना?” काकू परत आल्यावर म्हणाल्या.

“बघत होतो म्हणून तर एवढा वेळ थांबलं.”

नानांवर खरा प्रसंग आला तो सोसायटीने सीसीटीव्ही बसवायचं ठरवलं तेव्हा. सर्वसाधारण सभेत विरोध करणारे ते एकटे. कॅमेऱ्याला चेतना नसते, तो बघतो असं म्हणणं अशास्त्रीय आहे, आणि अशास्त्रीय गोष्टीसाठी मी वर्गणी देणार नाही, असं त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घेतलं. बाकी सगळ्यांनी पैसे भरले. सेक्रेटरींच्या यादीत नानांच्या नावापुढची जागा तेवढी कोरी राहिली.

त्यानंतर काही दिवसांतच तळमजल्यावर एका स्कूटरचा आरसा तुटला आणि दिवा फुटला. स्कूटरवाल्यांचा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या मुलावर. त्या मुलाच्या आईचा संशय डिलिव्हरीच्या पोरांवर. फुटेज काढून देणारा माणूस रविवारी येणार होता. मधले दिवस नानांच्या आयुष्यातले वैभवाचे. ते जिन्यात एकेकाला गाठून सांगत, “फुटेज अजून कोणी बघितलेलं नाही. म्हणजे आजच्या घडीला त्यात मुलगाही आहे आणि डिलिव्हरीवालाही. बघाल त्या क्षणी एक ठरेल. तेव्हा बघणारा नीट निवडा.” मुलाच्या आईने चक्क नानांना विनंती केली, की तुम्हीच बघा आणि डिलिव्हरीवाल्याचं तेवढं जमवा.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सगळे जमलो. पडद्यावर दुपारची वेळ. डिलिव्हरीचा एक मुलगा घाईत बाइक वळवतो, हँडल स्कूटरला लागतं, स्कूटर आडवी होते. मुलगा ती उभी करतो, इकडेतिकडे बघतो आणि निघून जातो. स्कूटरपासून दोन पावलांवर, हात पाठीमागे बांधून, बरोबर तिच्याकडे तोंड करून एक गृहस्थ उभे आहेत. त्यांच्या पुढ्यात वॉचमन, त्याची पाठ स्कूटरकडे. गृहस्थांचे ओठ हलत आहेत.

“नाना,” सेक्रेटरी म्हणाले, “तुम्ही तिथेच होता.”

“दिसतंय.”

“तिकडेच बघत होता.”

नानांनी ते दृश्य दोनदा मागे घ्यायला लावलं. मग म्हणाले, “डोळे तिकडे होते. मी याला निरीक्षकाचं महत्त्व सांगत होतो.”

“मला आवाज आला होता,” वॉचमन म्हणाला. “पण म्हटलं, नाना बघतायत, मग आपण कशाला वळा?”

पुढचे काही दिवस नाना खाली दिसले नाहीत. समोरच्या रस्त्यावर गॅसच्या पाइपलाइनसाठी खोदकाम सुरू झालं होतं, तरीही नाहीत. मग एका रात्री जेवणं झाल्यावर आले, वही न घेता.

“मास्तर, तुमचं मान्य. यंत्र बघतं, भिंत बघते, हवा बघते. त्याला माणूस लागत नाही. पण एक सांगा. खूण राहिली, दोन्ही शक्यता एकमेकींपासून सुटल्या, पट्टे गेले. ठीक. पण शक्यता दोनच्या दोन उरल्या ना? मग घडते एकच, ती का? दुसरी जाते कुठे?”

हा प्रश्न बारावीच्या पेपरात येत नाही; आला तर पेपर तपासणाऱ्यांची पंचाईत होईल. पट्टे का जातात हे त्से यांच्या वाटेने नीट सांगता येतं, पण दोनांतली एकच का घडते, हे नुसत्या तेवढ्यातून निघत नाही. मोजमापाची समस्या म्हणतात ती हीच, आणि तिच्यावर भौतिकशास्त्रज्ञांत आजही उभे तट आहेत. नानांनी जिन्याखालच्या मीटरपासून सुरुवात करून स्वतःच्या पायांनी इथवर चालत यावं, याचं मला खरंच कौतुक वाटलं. मी काकूंना फोन करून नानांना उशीर होईल म्हणून कळवलं आणि होता नव्हता तो माल त्यांच्यापुढे मांडला.

डेव्हिड बोम, १९५२: कणाला नेहमीच एक ठरलेली वाट असते आणि एक लाट त्याला त्या वाटेने नेते. नानांनी मान हलवली. सगळं ठरलेलंच असेल तर बघायचं काय? गिरार्दी, रिमिनी आणि वेबर, १९८६: लाट अधूनमधून आपली आपण कोसळते, मोठ्या वस्तूत तर हे क्षणात होतं. “आपली आपण?” नानांचा चेहरा कडू झाला. “मग पोस्ट कशाला भरायची?” शेवटी ह्यू एव्हरेट, १९५७, प्रिन्स्टन, व्हीलर यांचाच विद्यार्थी: काहीही कोसळत नाही. दोन्ही घडतात. जगाला फाटे फुटत जातात. एका शाखेत हे, दुसऱ्या शाखेत ते, आणि बघणाराही शाखेगणिक एकेक.

“प्रत्येक शाखेत?”

“हो.”

“म्हणजे सगळीकडे मी आहेच.”

मला स्वतःला एव्हरेट पूर्ण पचत नाहीत. त्यांच्यातलं मला आवडतं ते हे, की बघणाऱ्याला तिथे काही खास अधिकार नाही. दगड, मांजर, मीटर यांच्याच ओळीत तोही उभा. नानांनी मात्र एव्हरेट घेतले ते अगदी उलट्या कारणासाठी. कुठल्यातरी शाखेत आपण त्या दुपारी स्कूटर पडताना बघितली आहे, इतकंच नव्हे तर “हां हां हां”देखील म्हटलं आहे, या विचाराने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅसच्या खड्ड्यापाशी होते.

महिनाअखेरीला सेक्रेटरी सीसीटीव्हीच्या वर्गणीची यादी घेऊन तिथेच आले.

“नाना, तुमचे तेवढे राहिलेत.”

“भरलेत,” खड्ड्यावरची नजर न काढता नाना म्हणाले.

“माझ्याकडे नोंद नाही हो.”

“या शाखेत नसेल. दुसऱ्या शाखेत भरलेत.”

सेक्रेटरींनी यादीत तसं लिहून घेतलं. सोसायटीचं खातं बँकेच्या स्टेशनजवळच्या शाखेत आहे. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पासबुक घेऊन एमआयडीसीतल्या शाखेत जाऊन आले, आणि तिथल्या कॅशियरने नानांच्या नावाची नोंद सापडते का, म्हणून मागच्या महिन्याचे सगळे भरणे काढून बघितले.